रेशमी नाइट सूट घरच्या घरी कसा धुवावा

बहिणीने हौसेने दिलेला मोतिया रंगाचा रेशमी नाइट सूट मी पहिल्याच धुण्यात घालवला. कॉलरला खोबरेल तेलाचा डाग पडला होता. सुती कपड्याला करते तेच केलं. डागावर साबणाची वडी घासली आणि वरून ब्रश मारला. तेल निघालं, पण वाळल्यावर तिथे रुपयाएवढा पांढुरका, खरखरीत चट्टा उमटला. साबण राहिला असेल म्हणून पुन्हा विसळला, तरी चट्टा तसाच. तो साबण नव्हताच. ओल्या रेशमाचे धागे घासून फुटले होते आणि त्यांचे बारीक तंतू वर आले होते. त्याला औषध नाही. तो सूट आजही घालते, पण कॉलर आत दुमडून.

त्यानंतरचे सगळे रेशमी कपडे घरीच धुतले आणि एकही वाया गेला नाही. नव्याने असा सूट किंवा नाइटी घेतलेल्यांना दुकानदार हमखास सांगतो, ‘ड्रायक्लीनलाच द्या हं.’ पण झोपायचा कपडा म्हणजे आठवड्यातून दोनदा धुण्यात. तो दर वेळी लाँड्रीत कोण नेणार? मग कपडा तरी कपाटात पडून राहतो किंवा एके दिवशी मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर जातो. दोन्ही वाईटच. पूजेचा रेशमी कद नाहीतर मुकटा घरोघरी असायचा, तेव्हा ड्रायक्लीनची दुकानं कुठे होती? तो घरातच, रिठ्याच्या पाण्यात धुतला जायचा.

रेशीम पाण्याला भीत नाही. ते भितं साबणातल्या खाराला, घासण्याला, उष्णतेला आणि उन्हाला. कारण साधं आहे. सुती कपडा झाडापासून येतो आणि रेशीम किड्यापासून. रेशमाचा धागा म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रथिन. आपले केसही प्रथिनाचेच. म्हणून काही अडलं की मी एकच विचार करते, हे मी माझ्या केसांना केलं असतं का? केसांना कपड्याची पावडर लावली असती का? ओले केस ब्रशने खसाखसा घासले असते का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आधी बघा, रेशीमच आहे ना

‘सॅटिन सिल्क’ या नावाखाली बाजारात जे मिळतं, त्यातलं बरंचसं पॉलिएस्टर असतं. सॅटिन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. या विणीत एक धागा चार-पाच धाग्यांवरून मोकळा जातो, म्हणून कापड सुळसुळीत आणि चमकदार दिसतं. तो धागा रेशमाचा असेल तसाच पॉलिएस्टरचाही असू शकतो. ‘आर्ट सिल्क’ वाचून कलाकुसर डोळ्यांपुढे येते, पण तिथे आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, आणि आत बहुधा व्हिस्कोस.

खात्री करायची तर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि वॉशबेसिनवर काडी लावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ते बहुधा विझतं आणि मागे राहिलेला काळा गोळा बोटांनी चुरला जातो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो चुरत नाही. व्हिस्कोस कागदासारखा भुरकन जळतो. बटणाजवळचे धागे घेऊ नका, बटणाचा दोरा बहुतेक वेळा वेगळाच असतो.

विकत घेतानाच बघायचं असेल तर सिल्क मार्कचं लेबल शोधा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 साली ही खूण सुरू झाली. कापड शुद्ध रेशमाचं असल्याचं ती सांगते. वीण चांगली आहे की नाही, हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं. परदेशी किंवा ऑनलाइन कपड्यांवर ‘19 मॉमी’, ‘22 मॉमी’ असं लिहिलेलं दिसतं. मॉमी हे कापडाच्या वजनाचं माप आहे. एक मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण 4.34 ग्रॅम. म्हणजे 22 मॉमीचं कापड चौरस मीटरला 95 ग्रॅमच्या आसपास भरतं. वारंवार धुवायच्या कपड्याला 19 किंवा 22 बरं. त्याहून फार पातळ असेल तर काखेत आणि बैठकीच्या शिवणीवर लवकर ताण येतो.

पॉलिएस्टर निघालं तर वाईट वाटून घ्या आणि मशीनमध्ये टाका. पुढचं काही वाचायची गरज नाही.

काय घरी धुवू नये

साधा, एकरंगी, अस्तर नसलेला नाइट सूट, स्लिप, गाऊन किंवा उशीचा अभ्रा घरी धुवायला हरकत नाही. हाताने रंगवलेलं, जरीचं, खड्यांचं किंवा अस्तर लावलेलं काही असेल तर मी हात लावत नाही. क्रेप आणि शिफॉनचंही जपूनच. त्यांच्या धाग्याला मुळात जबरदस्त पीळ दिलेला असतो, पाणी लागलं की तो पीळ आवळतो आणि कपडा आकसतो. आत शिवलेल्या पट्टीवर वर्तुळाची खूण म्हणजे ड्रायक्लीन, पाण्याच्या टबात हात म्हणजे हाताने धुणं, आणि टबावर फुली म्हणजे पाणी नको. मात्र कंपन्या आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणूनही ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहून टाकतात. अशा वेळी एक परीक्षा करा. आतल्या दुमडीचा कोपरा भिजवा, पांढऱ्या सुती फडक्यात दोन मिनिटं दाबून धरा आणि सावलीत वाळू द्या. फडक्याला रंग लागला किंवा कोपऱ्याला सुरकुती पडून पोत बदलला, तर नाद सोडा. गडद लाल, निळा आणि काळा रंग पहिल्या धुण्यात थोडा उतरतोच. तेवढ्याने घाबरायचं नाही, पण तो कपडा एकटा धुवायचा.

साबण

खरी गोम इथे आहे. चूक होते ती बहुतेक साबणाचीच.

कपड्याची पावडर आणि वडी दोन्ही खारट, म्हणजे अल्कधर्मी. सुताला ते चालतं, रेशमाला चालत नाही. आधी चमक जाते, मग कापड कोरडं आणि खरखरीत लागायला लागतं आणि शेवटी विरतं. हे एका धुण्यात होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. आठ-दहा धुण्यांनंतर आपण म्हणतो, ‘कापडच हलकं निघालं.’

‘डाग खाणारे एन्झाइम’ अशी जाहिरात असलेली पावडर त्याहून वाईट. त्यातलं प्रोटिएज नावाचं एन्झाइम प्रथिनाचे डाग पचवतं. रक्त, घाम, दूध यांवर ते उत्तम. पण रेशीमच प्रथिन असल्यामुळे डाग कुठे संपला आणि कपडा कुठे सुरू झाला, हे त्याला कळत नाही. ब्लीचचं तर नावच काढू नका. क्लोरीनचं ब्लीच रेशीम आधी पिवळं करतं, मग अक्षरशः विरघळवतं. पांढरा कपडा पांढराच राहावा म्हणून कुणी दोन थेंब टाकायला सांगितले, तरी ऐकू नका.

मग वापरायचं काय? लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांसाठी पातळ साबण मिळतो. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला सर्रास ‘ईझी’च म्हणतात. बाटलीवर रेशमाचा उल्लेख आहे ना आणि एन्झाइम नाही ना, एवढं वाचून घ्या. प्रवासात किंवा अडीअडचणीला लहान मुलांचा शाम्पू चालतो. कंडिशनर मिसळलेला शाम्पू मात्र नको, तो कापडावर थर धरतो. भांड्यांचा लिक्विड साबण मी वापरत नाही. तेल काढण्यात तो हुशार, पण फार झोंबरा.

आणि रिठा. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टाका, टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गार करून कुस्करा आणि दोनदा गाळा. गाळताना कंटाळा केलात तर टरफलाचे कण कापडात अडकतात आणि मग एकेक वेचत बसावं लागतं. फेस साबणाइतका येत नाही, पण सौम्यपणात त्याच्या तोडीचं काही नाही. दोन तोटे आहेत. हे पाणी फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि त्याचा रंग चहासारखा असतो. पांढऱ्या, मोतिया किंवा फिकट गुलाबी कपड्याला त्याची झाक चढू शकते. गडद रंगांना रिठा, फिकटांना पातळ साबण, अशी माझी वाटणी आहे.

धुणं

सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. घरकामाच्या मावशींवर सोपवायचं असेल तर पहिल्यांदा शेजारी उभं राहून करून दाखवा. बादलीत साबण दिसला की भिजत घालायचं आणि पिळायचं, ही हाताची सवय असते. त्यात त्यांचा दोष नाही.

हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या काढा. कपडा उलटा करा, बटणं लावा, नाडी सैल करा. प्लास्टिकचा स्वच्छ टब घ्या. बादलीच्या तळाला खरखर असते, हात फिरवून बघा. टबात पाच-सहा लिटर गार पाणी आणि त्यात पातळ साबण एक चमचा, चहाचा. रिठ्याचं पाणी असेल तर एक वाटी. आधी साबण पाण्यात हलवून मिसळा आणि मगच कपडा सोडा. साबण थेट कापडावर ओतला तर तिथे फिकट डाग पडू शकतो.

पाणी गारच हवं. थंडीत हात आखडत असतील तर कोमट करा, पण बाळाच्या अंघोळीपेक्षाही कमी कोमट. गीझरचं पाणी नको.

आता चुबकायचं. दोन्ही हातांनी कपडा पाण्यात दाबायचा, सोडायचा, फिरवायचा, पुन्हा दाबायचा. घासायचं नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असतं, त्यामुळे घासायला सर्वांत वाईट वेळ तीच. कॉलर, काखा आणि बाह्यांची टोकं जास्त मळतात, तिथे फेस तळहाताने थोपटायचा. तीन ते पाच मिनिटं पुरतात. भिजत घालून दुसऱ्या कामाला जाऊ नका, रंग उतरतो आणि एका जागी साचून बसतो.

मग स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा विसळा. तिसऱ्या पाण्यात फेस दिसायला नको. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कितीही विसळलं तरी कापड राठ लागतं, कारण पाण्यातले क्षार चिकटतात. अशा वेळी शेवटच्या पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, कपडा एक मिनिट बुडवा आणि साध्या पाण्यातून काढा. मागे राहिलेला खार मरतो आणि चमक परत दिसते. वास वाळल्यावर राहत नाही. केसांना शिकेकाईनंतर लिंबाचं पाणी घेत, त्यातलाच हा प्रकार. एक सावधगिरी मात्र हवी. बटणं खऱ्या शिंपल्याची असतील तर व्हिनेगर टाळा. शिंपला चुन्याचा असतो, आम्ल लागलं की त्याची झिलई जाते.

पिळायचं नाही. पुन्हा सांगते, कारण हे वाचूनही हात आपोआप पिळायला जातात. कपडा दोन्ही तळहातांत उचलून पाणी निथळू द्या. मग जाडसर पांढऱ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट वळकटी करा आणि हाताने दाबा. पंचा चालतो, पण दोन लागतात. रंगीत टॉवेल घेऊ नका, ओल्या रेशमाला दुसऱ्याचा रंग पटकन लागतो.

मशीनमध्येच धुवायचं ठरलं असेल तर जाळीच्या पिशवीत घालून, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, गार पाण्यात आणि सर्वांत कमी फिरकीवर. जीन्स, हूक असलेली अंतर्वस्त्रं, वेल्क्रो यांतलं काहीही त्याच फेरीत नको. परदेशात राहणाऱ्यांनी ड्रायरकडे फिरकूही नये. मी स्वतः मशीन वापरत नाही, माझा तेवढा विश्वास नाही.

डाग

झोपायच्या कपड्यावरचे डाग ठरलेले. केसांचं तेल, क्रीम, घाम, पाळीचं रक्त आणि सकाळचा चहा.

तेलाचा डाग दिसला की पाणी लावायच्या आधी त्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी हलक्या हाताने झटका. पावडर तेल ओढून घेते. उरलेल्या डागावर पातळ साबणाचा एक थेंब पाण्यात कालवून बोटाने थोपटा आणि मग पूर्ण कपडा धुवा. मी तेव्हा एवढं केलं असतं तर कॉलर दुमडावी लागली नसती.

रक्ताला फक्त गार पाणी, आणि तेही लगेच. उलट्या बाजूने वाहत्या पाण्याखाली धरा, म्हणजे रक्त आत न जाता बाहेर ढकललं जातं. गरम पाण्याने ते शिजतं आणि पक्कं होतं. चहाच्या डागाला आधी गार पाणी, मग एका वाटी पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्याने टिपायचं. वडी लावली तर चहा आणखी घट्ट बसतो.

हळदीचं काय? खरं सांगायचं तर रेशमावर हळद म्हणजे डाग नव्हे, रंगच. रेशमाला ती इतकी छान धरते की जुन्या काळी कापड रंगवायलाच वापरत. साबण लावला की खारामुळे डाग लाल होतो. त्याने दचकू नका, विसळल्यावर तो पिवळ्यावर येतो. सुती कपड्यावरची हळद उन्हात उडते, पण ऊनच रेशमाचा वैरी. तेव्हा सौम्य साबणाने निघेल तेवढी काढा आणि बाकी सोडून द्या. रेशमी सूट घालून आमटी वाढू नये, हा यावरचा खरा उपाय.

डाग काढताना नेहमी फक्त डागच ओला करून थांबू नका. अर्धवट ओल्या रेशमाला पाण्याची कडा उमटते. शेवटी संपूर्ण कपडा भिजवून काढला की ती जाते.

वाळवणं आणि इस्त्री

सावली आणि वारा, बस. थेट उन्हात पांढरं रेशीम पिवळं पडतं, रंगीत उडतं आणि दोन्ही कमकुवत होतात. नायलॉनच्या दोरीवर टाकलं तर मधोमध वळ पडतो, म्हणून दोरीवर आधी सुती पंचा आणि त्यावर कपडा. चिमटे लावायचे तर शिवणीवर, कापडावर नाही. तारेवर किंवा गंजलेल्या स्टँडवर वाळवू नका, गंजाचा डाग रेशमावरून काढणं आपल्या हातातलं काम नाही. तिरक्या कापाची, अंगावर लपेटून बसणारी नाइटी असेल तर टांगूच नका. ओल्या वजनाने ती ओघळते आणि खालची कड लांब-आखूड होते. टॉवेलवर आडवी पसरा. पावसाळ्यात खोलीत पंख्याखाली वाळवा. कापड पातळ असल्यामुळे चादरींच्या कितीतरी आधी वाळतं.

इस्त्री कपडा किंचित दमट असतानाच करा. कपडा उलटा, वर मलमलीचा तुकडा, इस्त्रीचा काटा ‘सिल्क’वर किंवा त्याच्याही खाली. इस्त्री सरकती ठेवा, एका जागी टेकवू नका. पूर्ण वाळलेल्या कपड्यावर पाणी शिंपडलं तर थेंबाथेंबाचे ठसे राहतात. त्यापेक्षा ओल्या टॉवेलमध्ये अर्धा तास गुंडाळून ठेवा. वाफेच्या इस्त्रीतून पाणी थुंकत असेल तर वाफ बंदच ठेवा. खरं म्हणजे झोपायच्या कपड्याला इस्त्री कशाला? मी तर हँगरला लावते, बाथरूममधल्या वाफेत घडी निम्मी उतरते.

घालताना आणि ठेवताना

तीन-चार रात्री घातला की धुवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत किंवा मे महिन्यात दोनच रात्री. घाम मुरलेला कपडा मळक्या कपड्यांच्या टोपलीत आठवडाभर ठेवू नका, काखेत पिवळं पडतं ते तिथेच. क्रीम, डासांचं मलम किंवा अत्तर लावलं असेल तर ते अंगात जिरल्यावर कपडा घाला. पायाला भेगा असतील तर पायजम्यात पाय सरकवतानाच धागे ओढले जातात. मोजे घालून चढवा आणि मग मोजे काढा. पैंजण, जोडवी आणि मंगळसूत्राचा हूकही तेच करतात. पायजमा हा शब्द आपल्याकडूनच विलायतेत गेला, पण तिकडच्यांना जोडव्यांचा त्रास नाही.

धागा ओढला गेला तर कापू नका. बारीक सुईने तो उलट्या बाजूला ओढून घ्या आणि कापड दोन्ही दिशांनी हलकं ताणा. बराचसा आत बसतो.

कपाटात ठेवताना पैठणीला लावतो तोच नियम. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात. डांबरगोळ्या ठेवल्या तर कापडाला टेकू देऊ नका. त्यापेक्षा सुकवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवलेला मला आवडतो, कारण सकाळी उठल्यावर अंगाला गोळ्यांचा वास येत नाही. कीड लागते ती बहुधा मळक्या रेशमाला, म्हणून ठेवणीत टाकण्याआधी डाग दिसो न दिसो, एकदा धुवाच. श्रावणात एखाद्या कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढा, सावलीत वारा लागू द्या आणि घडी बदलून परत ठेवा, नाहीतर घडीच्या रेघेवरच कापड विरायला लागतं.